आठ इंच ढील

ओल्सन मिल, विस्कॉन्सिन
१४ जानेवारी २०२४

लाइल,

साडेनऊ वर्षांनंतर हे पत्र तुला मिळत आहे. त्यात तुझे क्षेमकुशल विचारलेले नाही. ज्या प्रश्नांची उत्तरे ऐकण्याचा अधिकार मी स्वतःच सोडून दिला, ते आता विचारणे अप्रामाणिकपणाचे होईल. मला केवळ एक माहिती हवी आहे.

काल ड्वेनने मारिटची मोटारसायकल ट्रेलरवर घालून माझ्या गॅरेजात आणली. दारात गुडघाभर बर्फ होता. मी फावडे घेऊन बाहेर आलो, तर हा ट्रेलरवरूनच ओरडला, "सर, जागा करा! पाहुणी आलीय."

"ती तुझ्या शेडमध्ये होती. तिथेच राहील असे आपले ठरले होते."

"ठरलं होतं. पण तुमच्याकडे हीटर आहे, लेथ आहे आणि दिवसभर करायला काही नाही. माझ्याकडे यांतलं एकही नाही."

माझा जावई झाल्यालाही आता पंचवीस वर्षे होतील. पण दहावीत मी त्याला दोनदा नापास केले होते, तेव्हापासूनचे ते 'सर' त्याच्या तोंडून गेलेले नाही. आदराने म्हणतो की खिजवायला, हे मी अद्याप ठरवू शकलेलो नाही.

येत्या ८ जूनला मारिटला जाऊन दहा वर्षे होतील. तिच्या स्मरणार्थ गावातले रायडर दरवर्षी फेरी काढतात, हे तुला कुणीतरी कळवले असेलच. या वर्षी ड्वेनला तिच्याच गाडीवरून फेरीच्या पुढे राहायचे आहे. अडचण मापाची आहे. आपण दोघा भावांनी ती गाडी माझ्या पाच फूट एक इंच उंचीच्या मुलीसाठी बेतली होती. ड्वेन सहा फूट तीन इंच आहे. "हिच्यावर मी असाच बसलो, तर सर्कशीतलं अस्वल दिसेन," असे तो स्वतःच म्हणाला. तेव्हा सीट उंच करायची, पायठेवणी पुढे न्यायची, मारिटकरता मागे ओढून घेतलेले हँडल काढून रुंद हँडल बसवायचे. शिवाय पुढच्या फोर्कमध्ये कडक स्प्रिंगा आणि मोठी ब्रेक-डिस्कही घालायची आहे. काम मी स्वीकारले आहे.

मला हवी असलेली माहिती अशी: तू बसवलेली एक्सलरेटर-केबल मूळ मापापेक्षा किती लांब होती? चौकशीच्या अहवालात ती 'मूळ मापापेक्षा लांब' होती, तिचा सैल वळसा दिव्याच्या ब्रॅकेटमध्ये अडकला आणि त्यामुळे डावीकडे पूर्ण वळताना इंजिनाची रेस आपोआप वाढली, इतकेच म्हटले आहे. आकडा दिलेला नाही. त्या अहवालाविषयी मला अन्य काहीही लिहायचे नाही. तू सर्वांसमोर उभा राहून "केबल मी बसवली" असे म्हणालास. विषय तिथे संपला.

व्हर्ना तीन वर्षांपूर्वी वारली. तेव्हापासून घरात मी एकटाच. तुझे कार्ड मिळाले होते.

ऑर्व्हिल टॉलेफसन

४ फेब्रुवारी २०२४

लाइल,

तुझे उत्तर नाही. टपालाला उशीर होतो, असे मी गृहीत धरतो.

दरम्यान मी काम सुरू केले. प्रथम सीट काढली. तिच्या खालचा फोम तू चाकूने कातरून दीड इंच कमी केला होतास आणि मी तो कातर वाकडा आहे म्हणून पुन्हा सरळ केला होता. त्यात आणखी पाव इंच गेला. मारिट म्हणाली होती, "तुम्ही दोघं असेच एकमेकांना सुधारत राहिलात, तर मी जमिनीवर बसून गाडी चालवीन." सीटच्या तळाशी तिच्या हातची पेन्सिलीची खूण निघाली: 'इथपर्यंत, पुढे नाही.' ती सीट मी कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवली.

वहीही सापडली. तिच्यात मी मारिटची मापे लिहिली होती: खांद्यापासून मनगटापर्यंत एकवीस इंच, कमरेपासून टाचेपर्यंत अडतीस, तळहाताची लांबी साडेसहा. शिंप्याच्या वहीत असावी तशी. आता समोरच्या पानावर ड्वेनची मापे लिहितो आहे. गाडीचा एकेक भाग सुटतो, तसतसे तिचे शरीर त्या गाडीतून बाहेर पडते आहे, असे मला वाटते. हे वाक्य अलंकारिक आहे. खोडत मात्र नाही.

ड्वेन शनिवारी येतो. बिअर आणि तळलेल्या चीजचा डबा आणतो, स्टुलावर बसतो आणि मला कामाला लावतो. मागच्या आठवड्यात त्याने विचारले, "घंटीचं काय करायचं, सर?"

"कोणत्या घंटीचे?"

"खाली फ्रेमला टांगायच्या. पन्नास वर्षं गाड्यांना हात लावताय आणि कोणत्या घंटीचं म्हणून विचारता!"

मी म्हणालो की गावात मिळते, बारा डॉलरला, विकत आण. तो इतका हसला की बिअर सांडली. "स्वतःची घंटी कुणी स्वतः आणतं होय? रस्त्यावरची भुतं काय दुकानाची पावती बघून पळतात? दुसऱ्या रायडरनं दिली, तरच ती लागू पडते. नाहीतर नुसतं पितळ."

मारिटच्या गाडीची घंटी तू दिली होतीस. तू कबुली दिलीस त्यानंतरच्या रविवारी ड्वेनने ती पान्याने काढली आणि चर्चच्या पायऱ्यांवर तुझ्या छातीवर फेकून मारली. तू वाकून ती उचललीस. मी हे पाहिले होते. मी तेव्हा दोन पायऱ्या वर उभा होतो.

मी ड्वेनला म्हणालो, "ठीक आहे. मी देतो." त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. आज ती घंटी गाडीला खाली लटकते आहे.

आणखी एक नोंद. हँडलच्या मानेपाशी कंदील धरून पाहिले. अपघातात दिवा फुटला, टाकी चेपली. मान शाबूत आहे. केबल तू सोडली होतीस तशीच सैल लोंबते आहे. तिथे दुसरे काहीही नाही. हे पाहून माझ्या मनावरचा एक भार उतरला. कोणता, ते लिहिण्याचे प्रयोजन नाही.

ऑर्व्हिल टॉलेफसन

२५ फेब्रुवारी २०२४

लाइल,

तुझे कार्ड मिळाले. 'मूळ मापापेक्षा आठ इंच जास्त. ढील ठेव.' याखेरीज त्यात काही नाही, सहीसुद्धा नाही. अक्षर मात्र तुझेच, पावसात भिजलेल्या कोंबडीसारखे.

तुझी ढील मला ठाऊक आहे. ७ जून २०१४, शनिवार. तू दुपारी काम संपवलेस. नौदलात शिकलास तशी सगळी वायर मेणाच्या दोऱ्याने बांधली होतीस, आणि ते काम सुंदर होते, हे मी तेव्हा म्हणालो नाही. माझे लक्ष मानेपाशी गेले. तिथे केबलचा एक वळसा उंदराच्या शेपटीसारखा लोंबत होता.

"हे काय सोडले आहेस?" मी विचारले.

"ढील आहे ती, ऑर्व्ह. हँडल पूर्ण वळलं की ती खर्ची पडते."

"पण दिसते कशी!"

"चालवणाऱ्याला दिसत नाही. आणि रस्ता काही वाकून बघायला येत नाही."

मारिट टाकीवर कोपर टेकून उभी होती. ती म्हणाली, "लाइलकाका, बाबांचे हात बांधून ठेव जेवणाआधी. बघ, बोटं शिवशिवायला लागलीत त्यांची."

"ऑर्व्ह," तू म्हणालास, "हात लावू नकोस हं." आणि तू नि मारिट मक्याची कणसे भाजायला अंगणात गेलात.

मीही थोड्या वेळाने आलो. पुढे सांगण्यासारखे काही नाही.

नवीन केबल मागवली आहे.

ऑर्व्हिल टॉलेफसन

१७ मार्च २०२४

लाइल,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितो आहे. आधीच्या तिन्ही मसुद्यांत भाषेची चूक नव्हती. तरी ते फाडले.

मंगळवारी मी मानेची नळी साफ करायला घेतली. दहा वर्षांचे ग्रीस, त्यावर धूळ. रॉकेलच्या फडक्याने पुसत होतो. नळीच्या डाव्या अंगाला फडके अडखळले. एक खपली होती, अंगठ्याएवढी. मी ती नखाने खरवडली. काळ्याखालून हिरवा रंग निघाला.

तो बनातीचा, जाड लोकरी कापडाचा तुकडा होता. आपल्या वडिलांच्या बुद्धिबळाच्या पेटीला आतून होती ती. पेटी फुटल्यावर मी तिचे तुकडे जपून ठेवले होते. रंगाला ओरखडा येऊ नये अशा ठिकाणी मी ते चिकटवतो. ही सवय माझी आहे. तुझी नाही; तू ओरखड्याला ओरखडा म्हणतोस आणि पुढे जातोस.

बनातीवर एक सरळ चीर होती. आडवी नव्हे, उभी. खाली रंगापर्यंत गेलेली. धारदार पात्याने काहीतरी घाईने कापले की होते तशी.

शनिवारी ड्वेन आला, तेव्हा मी सहज विचारल्यासारखे विचारले, "तपासणी होण्याआधी या गाडीला कुणी हात लावला होता का?"

"कुणी नाही. रविवारीच उचलून जप्तीच्या आवारात नेली ना. तपासनीस सोमवारी आला." त्याने डब्यातले चीज उचलले, परत ठेवले. "लाइल सोडून."

"लाइल तिथे गेला होता?"

"माझ्याबरोबरच. तुम्ही आणि व्हर्ना घरी होतात. मला तिची पर्स आणायची होती. तो म्हणाला, पाच मिनिटं मला गाडीजवळ एकट्याला सोड. मला वाटलं, रडायचं असेल माणसाला. तेव्हा मला कुठं माहीत होतं, केबलचं." त्याने डोके हलवले. "परत आला तर बोटातून रक्त. विचारलं, तर म्हणे काच लागली. दहा वर्षं मला वाटतंय, तो स्वतःचंच काहीतरी लपवायला गेला होता तिथं. तरी मग उभं राहून कबूल का केलं, हे काही समजत नाही. तुम्हाला समजतं का, सर? तुम्ही शिकलेले."

मी म्हणालो, "नाही."

हे मी तुला आहे तसे लिहितो. मी 'नाही' म्हणालो.

ऑर्व्हिल

७ एप्रिल २०२४

प्रिय लाइल,

मी आता क्रमाने लिहितो.

त्या शनिवारी तू आणि मारिट अंगणात गेल्यावर मी परत फिरलो. तो वळसा उचलला, दुहेरी केला, मानेच्या नळीशी धरला, खाली बनात चिकटवली आणि काळ्या प्लास्टिकच्या पट्टीने आवळला. पट्टीचे उरलेले टोक कापले आणि हाताला लागू नये म्हणून कानशीने घासले. मग दोन पावले मागे जाऊन पाहिले. ते नीटनेटके दिसत होते. मला बरे वाटले.

हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण फिरवून पाहिले नाही. केबलला कुणी बोट जरी लावले, तरी इंजिन चालू करून हँडल दोन्ही टोकांना न्यायचे, हे मी स्वतः मारिटला शिकवले होते. पण काम तू केले होतेस. मी केवळ ते नीट केले होते. नीटनेटकेपणाही तपासावा लागतो, असे मला वाटले नाही.

रविवारी सकाळी ती चर्चच्या आवारातून बाहेर पडताना डावीकडे वळली. हँडल टोकाला गेले. आवळलेली केबल ताणली गेली आणि रेस पूर्ण उघडली. समोरून दुधाचा टँकर येत होता. हे तुला ठाऊक आहे. ज्याने पट्टी पाहिली, त्याला ते त्याच दिवशी कळले असणार.

अहवाल आला, तेव्हा मी त्यात पट्टीचा शब्द शोधला. नव्हता. पुन्हा वाचला. नव्हता. मग मी स्वतःसाठी एक तर्क रचला: पट्टी दिसली नाही, अर्थात ती धक्क्याने तुटली, तुटली, अर्थात ती तकलादू होती, तकलादू होती, अर्थात तिने केबल अडवली नसणार. प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर नीट बसत होती. तू उभा राहिलास, मी तिसऱ्या रांगेत बसून होतो. व्हर्नाने माझा हात घट्ट धरला होता आणि ती तुझ्याकडे पाहून म्हणाली होती, "देव याला माफ करील, मी नाही." मी तिचा हात दाबला. ती तेच मनात ठेवून गेली.

तू ती पट्टी का कापलीस, हे मी विचारत नाही. तुला बायको नव्हती, मूल नव्हते. आमच्या घराच्या दारात उभा राहून तू आम्हा दोघांना पाहिले असशील आणि कुणी एकाने जायचेच असेल तर आपण जावे, असे ठरवले असशील. हे सगळे मी पाच मिनिटांत समजू शकलो असतो. दहा वर्षे समजलो नाही, कारण समजायचे नव्हते.

आता माझी अडचण. ड्वेनला हे सांगणे आवश्यक आहे. परंतु माझ्याजवळ बनातीच्या एका तुकड्याखेरीज पुरावा नाही. पुराव्याविना तो म्हणेल की म्हाताऱ्याचे डोके चळले. भावाला वाचवायला गोष्ट रचतो आहे. ती पट्टी तू फेकली असशील. फेकली नसशील, तर माझ्याकडे पाठव. ती आली की मी सांगेन.

ऑर्व्हिल

१२ मे २०२४

प्रिय लाइल,

तुझे पाकीट २३ एप्रिलला मिळाले. पत्र नाही, कार्ड नाही. कापसात ठेवलेली ती पट्टी, मधोमध कापलेली. एका टोकाला तुझ्या रक्ताचा डाग असावा. आता तो तपकिरी आहे. दुसरे टोक मी बोटाने चाचपले. गुळगुळीत होते. कानशीने घासलेले.

माझे अखेरचे वाक्य तुला आठवत असेल: ती आली की मी सांगेन. त्यानंतर ड्वेन दोन शनिवार आला आणि मी सांगितले नाही. पहिल्या शनिवारी टाकी रंगवून आली होती. तो तिच्यावरून हात फिरवत राहिला. दुसऱ्या शनिवारी नवे हँडल चढवले. पट्टी दोन्ही वेळा माझ्या शर्टाच्या खिशात होती. पुरावा नव्हता म्हणून मी गप्प होतो, हे खोटे होते, इतके यातून सिद्ध झाले.

काल, तिसऱ्या शनिवारी, केबल बसवायची होती. मूळ मापाहून आठ इंच जास्त. मी ती घातली आणि वळसा लोंबता सोडला. ड्वेनने खाली वाकून पाहिले.

"हे असंच ठेवायचं?" तो म्हणाला. "तुम्ही? बरं आहे ना, सर? ताप बिप?"

"ती ढील आहे. हँडल वळले की ती खर्ची पडते."

"लाइलसुद्धा असंच काहीतरी म्हणत होता." त्याचा आवाज बदलला. "आणि मग तीच अडकली."

"अडकली नाही," मी म्हणालो. "मी ती बांधली होती."

मग मी पट्टी बाकावर ठेवली, शेजारी बनातीचा तुकडा ठेवला आणि तुला लिहिले होते तेच, त्याच क्रमाने, त्याला सांगितले. स्टुलावर बसला होता तो उठला, गाडीजवळ गेला, हँडल पूर्ण डावीकडे फिरवले, उजवीकडे फिरवले, पुन्हा डावीकडे. वळसा सरळ व्हायचा आणि परत लोंबायचा. असे त्याने बऱ्याच वेळा केले.

"मी त्याला थोबाडीत दिली होती," तो म्हणाला. "चर्चच्या दारात. घंटी मारल्यावर. तुम्ही बघत होतात."

"होय."

"त्याचा हात वरसुद्धा आला नाही. मला वाटलं, गुन्हेगार आहे म्हणून."

मी हातातले फडके घडी करून बाकावर ठेवले.

"व्हर्नाला माहीत होतं?"

"नाही."

"दहा वर्षं मी इथं येतोय. तुमच्या टेबलावर जेवतोय. नाताळला तुमच्या दारातला बर्फ काढतोय. आणि तुम्ही..." त्याने वाक्य सोडून दिले. मग म्हणाला, "मला एकट्याला सांगून काय उपयोग? तो ज्यांच्यासमोर उभा राहिला, त्यांच्यासमोर सांगा. शुक्रवारी. गावच्या हॉलमध्ये, मासे खायला सगळे असतात तेव्हा. बसून नाही, उभं राहून."

"सांगेन."

"आणि आठ तारखेला तुम्ही येऊ नका, ऑर्व्हिल."

इतक्या वर्षांत त्याने मला प्रथमच नावाने हाक मारली.

जाताना तो खाली बसला. मला वाटले, काही पडले आहे. त्याने दहाचा पाना घेतला, फ्रेमखालून घंटी सोडवली, पुसली आणि माझ्या बाकावर ठेवली. जोरात नव्हे, एखाद्याचा चष्मा ठेवावा तशी. गाडी तो ट्रेलरवर घालून घेऊन गेला.

ती पट्टीही त्याने नेली.

तुझा,
ऑर्व्हिल

१९ मे २०२४

प्रिय लाइल,

शुक्रवारी मी हॉलमध्ये उभा राहिलो. मजकूर पाठ केला होता, चार मिनिटांचा. पहिल्या मिनिटानंतर तो मला आठवला नाही. उरलेले जसे आले तसे सांगितले. वाक्ये अर्धवट राहिली, दोनदा तेच पुन्हा म्हणालो. तुझे नाव मात्र स्पष्ट घेतले. केबल त्याने बसवली आणि ती बरोबर बसवली, असे म्हणालो.

काटे-चमचे थांबले होते. मग स्वयंपाकघरातून कुणीतरी, बहुधा ज्याला काही ऐकू गेले नव्हते अशाने, "पर्च मासा तयार आहे, कुणाला हवा?" असे विचारले. मी कोट घेऊन निघालो. दारापाशी बसलेल्या दोघांनी, ज्यांच्या मुलांना मी शिकवले, पाय आखडून मला वाट दिली. एवढेच.

ड्वेनने तुझा फोन नंबर माझ्याकडे मागितला नाही. कुणाकडून तरी त्याला तो मिळाला, असे कळते.

मी तुझी क्षमा मागत नाही. क्षमा मागितली की ती द्यावी की नाही, हे ओझे समोरच्यावर पडते. तुझ्यावर मी पुरेसे टाकले आहे.

तुझा,
ऑर्व्हिल

९ जून २०२४

प्रिय लाइल,

काल फेरी झाली. येऊ नका असे मला सांगितले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीविषयी काही सांगितलेले नव्हते.

तुला आठवत असेल, आमच्या टपालपेटीपाशी रस्ता डावीकडे वळतो, काटकोनाहून अधिक. तिथे सगळ्यांना वेग कमी करून हँडल टोकापर्यंत न्यावेच लागते. आधी चाळीसेक इंजिनांचा आवाज टेकडीमागून आला, मग ड्वेन दिसला. लाल टाकी, नवे हँडल. मापात बसला होता. अस्वल दिसत नव्हता. त्याने हँडल डावीकडे घातले. मी कान देऊन उभा होतो. हँडल शेवटपर्यंत गेले. इंजिनाचा आवाज वाढला नाही. एवढेच ऐकण्यासाठी मी दहा वर्षे जगलो की काय, असे वाटले.

तो वळून निघाला, तेव्हा फ्रेमखाली काहीतरी चमकले. म्हणजे घंटी होती. माझी माझ्या बाकावरच आहे, तेव्हा ती कुणी दिली हे मला विचारावे लागले नाही. माझी घंटी तिथेच राहील. स्वतःसाठी ती लागू पडत नाही, आणि ती देण्यासारखे आता माझे कुणी नाही.

त्याच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर तू होतास. गाडी उसनी असावी, तुला उंच होत होती. तू वाळला आहेस. दाढी पांढरी झाली आहे. वळणावर तू घराकडे पाहिले नाहीस आणि रायडर ओळख देताना उचलतात तो डावा हातही उचलला नाहीस. ते योग्यच होते. वळणावर दोन्ही हात हँडलवर असले पाहिजेत. मारिटलाही आपण तसेच शिकवले होते.

त्यानंतर रस्ता सरळ लागतो. तिथे हात उचलता येतो.

खिडकीतून तेवढा रस्ता दिसत नाही.

तुझा,
ऑर्व्ह